उत्तरेची बाजू

“दोनशे अठरा,” आबा म्हणाले.

फाटकापासून काचेच्या दारापर्यंत ते पावलं मोजत आले होते. ओठ हलत नव्हते, तरी मला कळत होतं. मोजताना दर दहा पावलांना त्यांची मान किंचित हलायची.

“माझं पाऊल अडीच फुटाचं. किती झालं, इंदे?”

“पाचशे पंचेचाळीस फूट.”

“साडेसोळा साखळ्या. नुसत्या रस्त्याला एवढी जागा सोडलीय. संस्था दमदार दिसती.”

मी हसले नाही.

आबा फलटणच्या भूमापन कार्यालयात भूकरमापक होते. तेहतीस फुटांची लोखंडी साखळी घेऊन त्यांनी निम्मा तालुका मोजला होता. भावाभावांची भांडणं लागायची, आबा जाऊन हद्दीचा दगड शोधायचे, साखळी ताणायचे आणि कागदावर रेघ ओढायचे. रेघ ओढली की भांडण मिटलं, असा त्यांचा साधा विश्वास होता. आणि त्या दिवशी, एकोणीसशे नव्व्याण्णवच्या जूनमध्ये, ते रजा टाकून माझ्यासोबत पुण्याला आले होते ते माझ्या एका न बोललेल्या वाक्यापायी.

झालं होतं असं. तीन आठवड्यांपूर्वी जेवताना मी भीत भीत म्हणाले होते, “आबा, मला एम. ए. करायचंय. एरिया स्टडीजमध्ये.”

त्यांचा घास हातातच थांबला. मी ‘नाही’ ऐकायची तयारी करून बसले होते. त्या ‘नाही’साठी आठ दिवस उत्तरं पाठ केली होती.

“एरिया?” आबा म्हणाले. “म्हणजे क्षेत्र! सातबाऱ्यावरचं! अगं, मग आधी का नाही बोललीस?” आणि आईकडं वळून, “ऐकलं का? पोरगी मोजणी शिकणार. आपल्या साखळीला वारस मिळाला.”

एरिया स्टडीज म्हणजे जगाचा एखादा प्रदेश घ्यायचा आणि तिथली भाषा, इतिहास, व्यापार, माणसं शिकायची. मला पश्चिम आशिया शिकायचा होता. हे एवढं एक वाक्य होतं. ते जिभेवर आलं, आणि आबांचा उजळलेला चेहरा बघून मागं फिरलं. उद्या सांगू, म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कार्यालयात पेढे वाटले. मग ते वाक्य रोज थोडं थोडं जड होत गेलं, आणि शेवटी माझ्याच्यानं उचलेना.

दोन ठिकाणं मी शोधली होती. एक ही टेकडीवरची खाजगी संस्था, दुसरा शहरातल्या जुन्या इमारतीतला सरकारी विभाग. आबांनी आदल्या दिवशी मोजणीच्या कोऱ्या कागदावर शेजारी शेजारी दोन चौकोन काढले होते. गट अ आणि गट ब. प्रत्येकाला चतुःसीमा. पूर्व – फी. पश्चिम – नोकरी. दक्षिण – राहण्याची सोय. आणि उत्तर? उत्तरेची बाजू दोन्हीकडं कोरी होती.

“तिथं काय लिहायचं?” मी विचारलं होतं.

“शिकवतात काय ते. ते कागदावरून कळत नसतं. जागेवर जाऊन भरू.”

काचेच्या दाराआड गारवा होता. समोर बसलेल्या बाईंच्या गळ्यात संस्थेचं ओळखपत्र होतं आणि टेबलावर काचेच्या बशीत गोळ्या. आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

बाई माहितीपत्रकाची पानं उलटत सांगत होत्या. वर्षाची फी बासष्ट हजार. दोन वर्षांचा कोर्स. एक महिना परदेशात. निर्यातीच्या कंपन्या थेट संस्थेत येऊन मुलं निवडतात. “आज पाच हजार भरून जागा राखून ठेवा. पाचला काउंटर बंद होतो. उद्या मी शब्द देऊ शकत नाही.”

आबांनी पूर्व, पश्चिम, दक्षिण भरलं. मग पेन थांबलं.

“मॅडम, एक विचारू? साखळी शिकवतात का? का आता सगळं मशिनवरच?”

मी खुर्चीची कड धरली. आता. आता फुटणार.

बाईंच्या कपाळावर क्षणभर आठी आली आणि लगेच विरली. “सप्लाय चेन ना? हो हो, दुसऱ्या वर्षाला पूर्ण विषयच आहे. आणि मशिनवर म्हणजे, आपली कॉम्प्युटर लॅब बघाच तुम्ही.”

“पूर्ण विषय!” आबा माझ्याकडं बघून म्हणाले. “बघ. खात्यात आम्हाला तीन महिन्यांत शिकवून उरकलं होतं.”

बाई हसल्या. आबा हसले. त्या दोघांच्या हसण्याच्या मधोमध मी बसले होते, आणि माझ्या तोंडातून आवाज निघाला नाही. खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, ते मी पुढं कित्येक वर्षं कुणाला सांगितलं नाही. सुटले, असं आलं.

उताराच्या रस्त्यावर एका चहाच्या टपरीशी आबा थांबले. बशीत चहा ओतून फुंकर घातली.

“बासष्ट दुणे एकशे चोवीस. वर राहणं-खाणं. जंगम किती दिवस प्लॉट मागतोय. देऊन टाकू.”

जंगमकाका आबांच्या कार्यालयात कारकून होते. आणि प्लॉट म्हणजे दीड गुंठा जागा. वीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजून आबांनी स्वतःसाठी एवढीच मोजली होती. भाड्याच्या दोन खोल्यांतून आई रोज संध्याकाळी तिथं जायची. घर झालं नव्हतं, पण दार कुठं येणार हे तिनं ठरवलं होतं, आणि त्या न झालेल्या दाराच्या दोन्ही अंगांना शेवंती लावली होती.

“आबा, नको.”

“का?”

“आईची शेवंती...”

“शेवंती कुंडीत लागती. नोकरी लागती का कुंडीत?” ते खुशीत होते. आतल्या खिशावर त्यांनी हात ठेवला. तिथं पाच हजार होते, आईनं हातरुमालात बांधून दिलेले. “वर जाऊन भरूनच टाकतो.”

“दुसरंही बघू आधी,” मी घाईनं म्हणाले. “तुम्हीच म्हणता ना, दोन्ही गट बघितल्याशिवाय नकाशा होत नाही.”

त्यांना ते पटलं. त्यांचंच वाक्य होतं.

सरकारी विभागाच्या जिन्याच्या कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या होत्या. आबांनी पावलं मोजली नाहीत. नाकाला रुमाल लावला. वरच्या मजल्यावर लांबट खोली, लाकडी कपाटं, आणि भिंतीवर एक भलामोठा नकाशा. त्याची एक कड सुटून वाऱ्यानं फडफडत होती. टेबलाशी विभागप्रमुख बसल्या होत्या, डॉक्टर रझिया मुकादम. पिकलेले केस, चष्म्याला दोरी, बोलणं रत्नागिरीकडचं.

“बसा हो, बसा. पंख्याखाली नको, तो वाकडा फिरतोय. मेला, कधी डोक्यावर येईल नेम नाही.”

आबा खुर्ची सरकवून बसले. चौकोन काढलेला कागद गुडघ्यावर.

“फी?”

“अठराशे. वर्षाला.”

आबांनी दोनदा विचारून घेतलं. मग, “नोकरी?”

“त्याचं मी काय सांगू? सात मुलं असतात वर्गात. गेल्या वर्षीचा एक एलआयसीत चिकटला, एक जण दुबईला हिशेब लिहितो, बाकीची परीक्षा देतायत. नोकरी देईन म्हटलं तर खोटं होईल. शिकवते मात्र. रडवून शिकवते.”

“राहण्याची सोय?”

“वसतिगृह आहे. ढेकूण आहेत.”

आबांनी प्रामाणिकपणे ‘ढेकूण’ लिहिलं. ते उत्तरेकडं वळायच्या आत मुकादम मॅडम मी पुढं ठेवलेला अर्ज वाचून माझ्याकडं वळल्या.

“आणि तू गं? इंदुमती सोनवलकर. फलटणची पोर. पश्चिम आशिया कशाला हवाय तुला? अरबी शिकून काय करशील?”

आबांची मान वर आली. अरबी हा शब्द त्यांनी ऐकला होता.

घड्याळात साडेतीन झाले होते. मी पाठ केलेलं सगळं विसरले. आंतरराष्ट्रीय संबंध, तेलाचं राजकारण, सगळं. उरलं ते एवढंच.

“माझी आई एक ओवी म्हणते,” मी म्हणाले.

“म्हण की.”

“इथं?”

“मग कुठं? जातं आणू?”

मी आबांकडं न बघता म्हणाले. गायला जमलं नाही, नुसती बोलले:

“बसऱ्याला गेला कंथ, पाय वाजंना वाटंला
दारी भरला तांब्या, पानी आटलं काठाला.”

नकाशाची सुटी कड फडफडली. मीच पुढं सांगितलं. ही ओवी आईच्या आजीची. तिचा नवरा पहिल्या महायुद्धात पलटणीत गेला तो आलाच नाही. पत्र नाही, तार नाही. ती मरेपर्यंत दारात तांब्या भरून ठेवायची. आईनं आजोबाला बघितलेलं नाही. तिला फक्त ओवी मिळाली. तांदूळ निवडताना ती म्हणते. बसरा कुठं आहे हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मिरजेच्या पलीकडचं एखादं गाव असेल, असं आईला वाटतं. “मलाही तसंच वाटायचं. मग बी. ए.च्या पुस्तकात इराकवरच्या एका ओळीत तो शब्द दिसला. ‘हिंदी फौजा बसरा येथे उतरल्या.’ एवढंच. फौजा होत्या मॅडम, नाव कुणाचंच नव्हतं. तिथली माणसं त्या वेळचं काही सांगत असतील, लिहून ठेवलं असेल. मला ते त्यांच्या भाषेत वाचायचंय.”

बोलून झालं तेव्हा माझे कान तापले होते.

“मॅडम,” आबा हळूच म्हणाले, “यात मोजणी कुठं येती?”

मुकादम मॅडमनी त्यांच्या गुडघ्यावरचा कागद बघितला. चतुःसीमा बघितली. मग माझ्याकडं बघितलं. शिकवणाऱ्या बाईला पोराची चोरी कळायला वेळ लागत नाही.

“नाही येत, सोनवलकर,” त्या म्हणाल्या. आवाज अगदी मऊ होता. “हा तो एरिया नव्हे.”

आबांनी कागदाची घडी घातली. टोपी घातली. “येतो,” म्हणाले आणि बाहेर पडले.

मी जिना उतरून धावले. फाटकाशी नव्हते. रस्त्याला नव्हते. टेकडीकडं जाणारी रिक्षा वळताना दिसली आणि मला वाटलं, गेले. रागानं जाऊन पाच हजार भरणार, मला मोठ्या फीच्या कोर्सला बांधून टाकणार, किंवा एकटेच गाडी पकडणार. चार वाजत आले होते. खाली खिडकीवर अर्ज घेणारा माणूस गठ्ठे बांधायला लागला होता. मी इमारतीला वळसा घातला.

मागच्या बाजूला, कुंपणाशी, ते एका दगडावर बसले होते. हद्दीचा जुना दगड होता तो, अर्धा मातीत गेलेला. लांबून मला आधी फक्त टोपी दिसली.

“आबा.”

“कधीपासनं ठाऊक होतं तुला?”

“पहिल्या दिवसापासून.”

“पेढे वाटायच्या आधीपासनं.”

“हो.”

“मी प्लॉट विकला असता तर?”

“सांगणार होते. खरंच सांगणार होते, आबा. प्लॉट विकू दिला नसता.”

“प्लॉटचं जाऊ दे.” ते जमिनीकडं बघत होते. बोटानं दगडावरची माती खरवडत होते. “मी त्या बाईला साखळी विचारली. तू शेजारी बसली होतीस.”

मी एक पाऊल पुढं झाले.

“गावातले लोक हसतात, हसू देत. साहेब हसतात. वीस वर्षं बांधावर उभं राहून शिव्या खाल्ल्यात मी. पण पोरीनं माझं अडाणीपण बघायचं आणि गप बसायचं? हात धरून ‘आबा, तसं नाही’ एवढं म्हणायला काय पडत होतं? मला समजलं नसतं का?”

“तुम्ही नाही म्हणाला असता.”

“म्हणालो असतो,” ते म्हणाले. “मग भांडली असतीस.”

मी त्यांच्या पायाशी मातीत बसले. रडू येत होतं, पण रडायचाही हक्क नाही असं वाटत होतं. खिडकीवरच्या माणसानं लोखंडी शटर अर्धं ओढल्याचा आवाज आला.

आबा उठले. धोतराची माती झटकली.

“चल वर.”

“कुठं?”

“ते गाव कुठं आहे, ते बघू दे मला.”

मुकादम मॅडम तशाच बसून होत्या, जणू आम्ही येणार हे ठरलेलंच होतं. आबा सरळ नकाशापाशी गेले. सुटलेली कड तळहातानं भिंतीला दाबून धरली. देश, रंग, समुद्र, काही बघितलं नाही. आधी खालच्या कोपऱ्यात जाऊन प्रमाण वाचलं.

“बसरा?”

मॅडमनी बोट ठेवलं. आबांनी सदऱ्याच्या खिशातून पीळ दिलेला पांढरा दोरा काढला. नागमोडी ओढ्यांच्या हद्दी नकाशावर मोजायला तो त्यांच्याजवळ कायम असायचा. एक टोक मुंबईवर धरलं आणि दोरा समुद्रातून हळूहळू वर नेऊ लागले.

“सरळ जायचं का?”

“जहाज असं वळसा घेऊन जातं. या चिंचोळ्या तोंडातून आत.”

“हं. समुद्रात दगड कुठं रोवणार म्हणा.” दोरा वळला, चिंचोळ्या तोंडातून आत शिरला आणि बसऱ्याशी थांबला. आबांनी नखानं जागा धरली, दोरा उचलला आणि तिथं गाठ मारली. मग प्रमाणाच्या पट्टीवर मोजला. एकदा, दोनदा.

“तीन हजार किलोमीटर. थोडं इकडंतिकडं.” ते तसेच दोऱ्याकडं बघत राहिले. “मिरजेच्या लई पलीकडं आहे की.”

“अर्जाची खिडकी,” मॅडम घड्याळाकडं बघून म्हणाल्या, “तो शिंदे चारला म्हणजे चारला बंद करतो. पाच मिनिटं वर झालीयत. पळा. मी सांगितलंय म्हणावं.”

मी आबांकडं बघितलं. त्यांनी हातरुमालाची गाठ सोडली आणि अठराशे मोजून माझ्या हातात दिले. ‘हो’ म्हणाले नाहीत. तो शब्द मला त्या दिवशी मिळाला नाही.

परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसून होते. दिवेघाट गेला, जेजुरी गेली. नीरेला मी पाण्याची बाटली पुढं केली, त्यांनी घेतली. एवढंच.

फलटणला उतरलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. स्टँडवरच जंगमकाका भेटले, हातात भाजीची पिशवी.

“काय सोनवलकर! झालं का काम? मग इसार कधी करायचा?”

“प्लॉट विकत नाही.”

“आँ? आणि पोरीचा कोर्स? एरियाचा?”

मी चपलेकडं बघितलं. आता ते सांगतील. पेढे खाल्लेल्या माणसाला सांगावं लागणारच.

“एरियाचाच आहे,” आबा म्हणाले. “फक्त एरिया जरा मोठा आहे.”

आणि माझ्याकडं न बघता पुढं चालू लागले.

आई दारातच होती. पाय धुवायला पाणी ठेवलेलं. आम्हा दोघांचे चेहरे बघून तिनं काही विचारलं नाही, ताटं घेतली. जेवणं झाल्यावर आबांनी तिला जवळ बोलावलं.

“तुझं बसरा बघून आलो.”

“जावा तिकडं. चेष्टा करता का?”

“खरंच. नकाशात. मिरजेकडं नाही ते. समुद्र ओलांडून आहे. हे बघ.” त्यांनी खिशातून दोरा काढला आणि गाठीपर्यंत ताणून तिच्यापुढं धरला. “हे मुंबई. हे बसरा.”

आईनं हात पदराला पुसले. दोऱ्याची दोन्ही टोकं आपल्या दोन्ही हातांत घेतली. आबा प्रमाण सांगायला लागले, एका बोटाला किती किलोमीटर ते; तिचं लक्ष नव्हतं. ती दोरा उजेडात धरून बघत होती. वीतभर, वर चार बोटं.

“एवढंच?” ती म्हणाली.

“अगं, एवढंच नव्हे. तीन हजार...”

“एवढंच व्हतं,” आई म्हणाली, “तर मग आला का न्हाई?”

निम्म्या तालुक्याची भांडणं मिटवणाऱ्या त्या माणसानं खिशातून चौकोनांचा कागद काढला, उलगडला, ‘गट अ’वर काट मारली आणि कागद माझ्यापुढं सरकवला. पूर्व, पश्चिम, दक्षिण त्यांच्या बारीक अक्षरात भरलेलं होतं. फी, नोकरी, ढेकूण.

चौथ्या बाजूला नुसतं ‘उत्तर’ लिहिलेलं होतं, आणि पुढं कोरी जागा.

“हे तू भर,” आबा म्हणाले. “सवडीनं.”

आई अजून दोरा धरून बसली होती.